तिवरांच्या राखणीत कोळीवाड्याला हक्काची जागा हवी

महोदय,

मी गोराई खाडीच्या काठी लहानाचा मोठा झालो. माझी आत्या अजूनही ओहोटी लागली की चिंबोऱ्या धरायला चिखलात उतरते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिनेच सांगितलं, "वरच्या अंगाला पाणी येत नाय." जाऊन पाहिलं तर राडारोड्याचा जेमतेम गुडघाभर बांध. पलीकडच्या तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, पानं पिवळी पडलेली, चिखलातून खिळ्यांसारखी वर येणारी श्वासमुळं वाळलेली आणि एरवी निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात त्या जागी मिठाची पांढरी खपली. रोजचं पाणी बांधाशीच अडतं. उधाणाचं तेवढं बांध ओलांडून आत जातं, पण त्याला परतीची वाट नाही. ते तिथेच आटतं. एकाही झाडावर कुऱ्हाड चालली नव्हती, तरी झाडं मरत होती.

तक्रार केली. आधी जागा कुणाच्या ताब्यात यावर पत्रापत्री झाली. मग पाहणीला माणसं आली ती अमावास्येच्या भर भरतीला. बांध पाण्याखाली! 'भराव आढळला नाही' असा शेरा मारून ती परत गेली. आत्याला कुणी एका शब्दाने विचारलं असतं तर तिने वेळ सांगितली असती.

कायदा दुबळा नाही. उच्च न्यायालयाने २००५ मध्येच तिवरतोडीला मनाई केली. २०१८ च्या निकालात कांदळवनांचा, म्हणजे तिवरांच्या जंगलांचा, नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितलं. २०१२ पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. पण बंदोबस्त वाढला की पहिली अडवली जाते ती टोपली घेतलेली बाई, रात्रीचा डंपर नाही. याचं फार वाईट वाटतं.

कोकणच्या किनारी गावांत २०१७ च्या उपजीविका योजनेतून सहव्यवस्थापन समित्या झाल्या, खेकडापालन, कालवपालन सुरू झालं. मुंबईतले कोळीवाडे महापालिकेच्या हद्दीत, इथे ना ग्रामपंचायत ना ग्रामसभा. मग आमचं म्हणणं मांडायचं कुठे? मनोरी, मालाड, माहुल, ठाणे अशा प्रत्येक खाडीसाठी समिती नेमावी. तिच्यात पागेरे (पाग म्हणजे फेकजाळं टाकून मासे धरणारे) आणि चिंबोऱ्या-कालवं काढणाऱ्या बाया असाव्यात, नुसत्या पाहुण्या म्हणून नव्हे. पाहणीचा अहवाल त्यांच्या सहीशिवाय पुरा होऊ नये. रोपं कुठे लावायची हेही त्यांना विचारावं. उघडा चिखल मोकळी जागा वाटतो, पण शिवल्या (शिंपले) तिथेच मिळतात आणि पाखरं तिथेच चरतात.

तो बांध अजून तिथेच आहे. पुन्हा पाहणी व्हायची असेल तर अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, ओहोटीला यावं. आत्या वाट दाखवायला तयार आहे.

– खाडीकाठचा एक रहिवासी, गोराई, मुंबई