दाढेतला पू गोळीने जात नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीतील दातदुखीवरच्या लेखात ‘दाढ सुजल्यास प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करावा’ एवढाच सल्ला होता. तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षे दंतवैद्यक म्हणून काम करताना या अर्ध्या सल्ल्याचे परिणाम मी पाहत आलो आहे, म्हणून हे पत्र.

किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू साचतो तेथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि त्याच्याविना वाढणाऱ्या विनॉक्सी जीवाणूंचे फावते. दाढेतील नस मेलेली असल्याने तिला रक्तपुरवठाही उरलेला नसतो. मग रक्तावाटे जाणारी गोळी कितीही महागडी असली तरी मुळाशी पुरेशी पोहोचणार कशी? छेद देऊन पू काढणे आणि नंतर रूट कॅनॉल करणे किंवा दाढच काढणे, हा खरा उपचार. ताप असेल, सूज पसरत असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तेव्हा प्रतिजैविक त्याच्या जोडीला येते, त्याच्या जागी नव्हे.

औषधदुकानात सर्रास मागितले जाणारे मेट्रोनिडाझोल हे औषध उत्तमच आहे. मुळात ते ट्रायकोमोनास या परजीवीसाठी वापरात आले. त्यासाठी ते घेणाऱ्या एका रुग्ण स्त्रीच्या हिरड्यांचा तीव्र दाहही बरा झाल्याचे इंग्लंडमधील एका दंतवैद्यकाने १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले, आणि विनॉक्सी जीवाणूंवरील त्याचा उपयोग ध्यानात आला. (आमच्या व्यवसायाला क्वचितच मिळणारे हे श्रेय!) परंतु हे औषध ऑक्सिजनविरहित पेशीत शिरल्यावरच क्रियाशील होऊन तिच्या डीएनएवर घाव घालते. त्याच सुजेत असणाऱ्या, ऑक्सिजनमध्येही वाढू शकणाऱ्या स्ट्रेप्टोकोकाय जीवाणूंना ते शिवतही नाही. त्यामुळे नुसत्या या गोळीवर विसंबणे म्हणजे निम्मे शत्रू मोकळे सोडणे.

गेल्या महिन्यात आलेल्या एका रुग्णाने दुकानातून तीन वेळा गोळ्या आणल्या होत्या. दर वेळी ठणका थांबे, काम सुरू होई, पंधरवड्यात सूज परते. माझ्याकडे आला तेव्हा जबड्याखालचा भाग दगडासारखा कडक होता, तोंड दोन बोटेही उघडत नव्हते आणि थुंकी गिळवत नव्हती. अशी सूज श्वासमार्ग बंद करू शकते, म्हणून त्याला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले.

दोष केवळ रुग्णाचा किंवा दुकानदाराचा नाही. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एच’मधील मेट्रोनिडाझोल डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येत नाही हे खरे, पण ‘डॉक्टर, आज फक्त गोळी द्या, दाढ नंतर बघू’ या आग्रहापुढे आमच्यापैकी अनेक जण मान तुकवतात, आणि मीही कधी काळी तुकवली आहे.

पुढील पुरवणीत एवढी दुरुस्ती अवश्य छापावी: दाढेची सूज गळ्याकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर गोळीचा परिणाम पाहत घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपला नम्र,
एक दंतवैद्यक, सातारा जिल्हा