वाइनच्या यादीतील हिशेब

महोदय,

रेस्टॉरंटमध्ये सर्वांत स्वस्त वाइन मागवायला संकोच वाटतो म्हणून अनेक जण यादीतील त्याखालोखाल स्वस्त बाटली निवडतात आणि नेमका तिच्यावरच सर्वाधिक नफा लावलेला असतो, हा समज जुना आहे. लंडनमधील रेस्टॉरंटांच्या याद्या तपासणाऱ्या 2021 मधील एका अभ्यासात मात्र नफ्याची टक्केवारी यादीच्या मध्याजवळ सर्वाधिक आढळली. संकोची ग्राहकाला हा दिलासाच म्हणायचा. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाचच ग्लास भरतात, तेव्हा दोघे-तिघे असल्यास ग्लासचा दर पाचाने गुणून बाटलीच्या दराशी ताडून पाहावा. अपरिचित द्राक्षजातीची वाइन पुष्कळदा वाजवी दरात मिळते, कारण तिच्या दरात नावाची किंमत धरलेली नसते.

– एक वाचक