आरोग्यमंत्री साहेब, माझ्या कंबरेचं माप नक्की कुणी घेतलं?

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

मागच्या आठवड्यात पित्ताचे खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली, खडे नाहीत पण फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी, ग्रेड 2 निघालं. दिवाळीआधीच सरकारी शिबिरात "ताई, तुम्ही एकदम ओके" सांगून हातात केळं दिलं होतं. वजन 55, उंची पाच फूट एक, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 23 च्या आत, विषय संपला. पोट साडीत झाकलेलं असतं साहेब, ते वजनकाट्याला कुठून दिसणार.

आशाताई तिशीपुढच्यांचा आजारांच्या धोक्याचा जो फॉर्म भरतात, त्यावर कंबरेचा रकाना आहे. बाईची कंबर 80 सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य मार्क, 90 च्या वर गेली की दोन. माझ्यापुढे 78 लिहिलंय. आमच्या अख्ख्या गल्लीचं 78, सासूबाई धरून! आशाताईंना काय बोलणार, त्यांना टेपच दिला नव्हता, बिचारीने "ब्लाऊज कितीचा लागतो" विचारून अंदाजे आकडा टाकला.

घरी मोजली तर 91. रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड 238, चांगलं कोलेस्टेरॉल 34, उपाशीपोटी साखर 112, सगळं बिघडलेलं, आणि लिव्हरची रक्ततपासणी एसजीपीटी मात्र नॉर्मल, म्हणून मी आपली निवांत. डॉक्टर म्हणाले आपल्याकडे हातपाय काटक्या आणि चरबी सगळी पोटात, त्यामुळे नुसत्या वजनावर जाऊ नका. वर शेजारीण कुजबुजते, "लिव्हर? घेते की काय ही?" चहा घेते बाई, दिवसाला पाच, साखरेचा.

केंद्राने 2021 लाच फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात घेतलं, 2024 ला सुधारित मार्गदर्शक सूचना आल्या. मोठ्या माणसांत 38 टक्के लोकांना आहे असं एम्सच्या डॉक्टरांनी लिहिलंय म्हणे, म्हणजे आमच्या गल्लीत 40 जण तरी धरा, आणि तुमच्या कागदावर किती? शून्य. रस्ता कागदावर, नळ कागदावर, आता कंबरपण कागदावर. 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिलात, त्यात किलोभर साखर आणि लिटरभर पामतेल! आनंद लिव्हरपर्यंत पोचला साहेब.

मागणं मोठं नाहीये. प्रत्येक आशाताईला टेप द्या, मानधन वेळेवर द्या. वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट या चार आकड्यांवरून फायब्रोसिसचा, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा, धोका काढता येतो, साध्या रक्ततपासणीवर भागतं, त्याला वेगळं मशीन लागत नाही, ते तरी तालुक्याला करा. मला सोमवारी फायब्रोस्कॅनसाठी (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारं मशीन) पुण्याला जायचंय, एसटीने तीन तास, रोजंदारी बुडणार ती वेगळीच, आणि पैसे रोख आणा म्हणालेत.

एक बाई, वय 46, कंबर 91 (78 नाही)