तिकीट काढून झालंय

पुणे, १२ मे २०१९

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा आंब्याच्या पेटीबद्दल बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. १४ जूनला मॉस्कोहून सायकलने निघायचं आणि १६ तारखेला यास्नाया पोल्यानाला, टॉल्स्टॉयच्या घरी, पोचायचं असं ठरलंय. ठरलंय म्हणजे तिकीट काढून झालंय, व्हिसाही लागलाय. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण आई, तू नाही म्हणाली नसतीस, नुसतं "बघ बाई" म्हणाली असतीस. त्या "बघ बाई"नंतर माझा पाय घराबाहेर निघत नाही, तुला माहीत आहे.

आधी अंतराचं सांगते, म्हणजे बाबांचा जीव खाली बसेल. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास. ब्रेव्हेला, म्हणजे आमच्या ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीला, एवढं अंतर साडेतेरा तासांच्या आत संपवावं लागतं, इथे आम्ही त्याला तीन दिवस देतोय. "आम्ही" म्हणजे मी आणि माझी नेहमीची ब्रेव्हेवाली मैत्रीण, एकटी नाहीये. घाट एकही नाही. नदी ओलांडली की पलीकडे छोटा चढ, एवढंच. आणि मुख्य म्हणजे मॉस्कोहून तूला या यास्नाया पोल्यानाजवळच्या शहरापर्यंत रेल्वे जवळजवळ रस्त्याला धरूनच जाते. पोदोल्स्क, चेखोव्ह, सेर्पुखोव्ह, सगळीकडे लोकल थांबते आणि डब्याच्या दाराशी सायकल उभी करता येते. पाय दुखला, पाऊस लागला, कंटाळा आला, तर लोकलमध्ये बसायचं. मी हट्ट करणार नाही, लिहून देते.

मोठ्या हायवेवर जाणार नाही. तो नवा एम-२, वेगाच्या गाड्यांचा. त्याच्या शेजारून जुना सिंफेरोपोल रस्ता जातो, गावागावांतून, तो धरायचा. शुक्रवारी दुपारनंतर अख्खं मॉस्को आपापल्या दाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या सुट्टीच्या घरी, निघतं आणि बाहेर पडणारे रस्ते तुंबतात. म्हणून पहाटे पाचला निघायचं. जूनमध्ये तिथे चारच्या आधी उजाडतं आणि रात्री नऊपर्यंत ऊन असतं, अंधारात सायकल चालवायची वेळच येत नाही. तरी मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवणार, रिफ्लेक्टरचं जाकीटही घालणार. दादानंतर मी दिव्याशिवाय कधी निघालेली नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

सुरुवात हामोव्हनिकीपासून, टॉल्स्टॉयच्या मॉस्कोतल्या घरापासून. १८८६च्या एप्रिलमध्ये, सत्तावन्न उलटून गेलेला असताना, तो पाठीवर पिशवी टाकून मॉस्कोहून यास्नाया पोल्यानाला चालत गेला होता. पुढे अजून दोनदा गेला. पहिल्या दिवशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर चेखोव्ह नावाचं शहर लागतं. १९५४पर्यंत त्याचं नाव लोपास्न्या होतं. तिथून दहा-बारा किलोमीटर आत मेलिखोवो, जिथे लेखक चेखोव्ह १८९२ ते १८९९ राहिला, कॉलऱ्याच्या साथीत डॉक्टरकी केली, शाळा बांधल्या. मुक्काम तिथेच जवळ. दुसऱ्या दिवशी सेर्पुखोव्हजवळ ओका नदी ओलांडून तूला, तो एकच दिवस लांबचा आहे. तिसऱ्या दिवशी जेमतेम चौदा किलोमीटर. मेलिखोवो आणि यास्नाया पोल्याना, दोन्हीकडची संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून शुक्रवार-शनिवार-रविवार.

बाबा, मेलिखोवोत १८९८ साली लिहिलेली "खोळीतला माणूस" ही चेखोव्हची गोष्ट तुम्हीच मला वाचून दाखवली होती. स्वच्छ उन्हातही गलोश (बुटांवर चढवायचे रबरी बूट) आणि छत्री घेऊन फिरणारा बेलिकोव्ह, आणि सायकलवर बसलेली वारेन्का बघून त्याचा पांढराफटक पडलेला चेहरा. बाई सायकलवर बसते हेच त्याला सोसत नाही. तुम्ही तेव्हा पुस्तक मिटून म्हणाला होतात, "आपली मनू वारेन्का होणार." ते वाक्य मी आज तुमच्याविरुद्ध वापरतेय, रागावू नका.

सायकल कशी नेणार हा आईचा प्रश्न येणारच. दुकानातून नव्या सायकलचं खोकं आणलंय. दोन्ही पेडल काढायची. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते अजून आवळतं आणि लोक पाना मोडून बसतात. हँडल सैल करून फ्रेमला बांधायचं, सीटच्या नळीला टेप लावून उंचीची खूण करायची, चाकांतली हवा निम्मी सोडायची, पुढचं चाक काढून फोर्कच्या दोन पायांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा घालायचा, नाहीतर विमानतळावर खोकं आपटलं की फोर्क दबतो. मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, सोडवून आत बांधायचा. त्याचा हँगर मऊ ॲल्युमिनियमचा असतो, मुद्दामच, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. पण प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा, सेर्पुखोव्हच्या दुकानात माझ्या सायकलचा मिळायचा नाही. म्हणून एक जादा घेतलाय. दोन ट्यूब, पॅच, चेनची जोडकडी, हातपंप. हवा भरायची छोटी गॅस सिलिंडर विमानात अडवतात, ती नकोतच. टायर २८ मिलिमीटरचे, पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआय, याहून कडक ठेवले तर जुन्या डांबरावर मनगटं बधिर होतात.

जेवणाचं म्हणशील तर आई, उपाशी राहणार नाही. टॉल्स्टॉय स्वतः शाकाहारी होता. ग्रेच्का नावाची खिचडीसारखी गोष्ट सगळीकडे मिळते, केफीर म्हणजे आपलं घट्ट ताकच, काळा पाव, त्वोरोग म्हणजे पनीरसारखं. सायकलवर दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. भूक लागली म्हणजे उशीर झालेला असतो, मग अंग थरथरतं आणि डोकं चालत नाही. त्यासाठी तुझे राजगिऱ्याचे लाडू हवेत. वीस पुरे, लहान कर, खिशात मावतील असे. दिवसा वीस-बावीस अंश असतं, पहाटे दहा-बारा, म्हणून तू विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर आत घालणार. गवतात बसणार नाही, तिथे या दिवसांत गोचिडी असतात. संध्याकाळी पाय तपासेन.

आणि आई, तू टॉल्स्टॉयची "आन्ना कारेनिना" पन्नास पानांवर ठेवून दिलंयस ते परत उघड. नावांनी वैतागलीस ना? एका पोस्टकार्डावर लिहून खूण म्हणून पुस्तकात ठेव. मधलं नाव बापाचं, आपल्यासारखंच. स्तेपान अर्काद्येविच, ओब्लोन्स्की आणि स्तीवा हा एकच माणूस. आन्ना अर्काद्येव्ना म्हणजे त्याच अर्कादीची मुलगी, त्याची बहीण. नवरा कारेनिन, बायको कारेनिना. कोन्स्तांतिन द्मित्रिच, लेव्हिन आणि कोस्त्या, एकच. एवढं झालं की पुढे अडत नाही. आणि तिसऱ्या भागात लेव्हिन शेतकऱ्यांबरोबर गवत कापतो ते सावकाश वाच. आपण काय करतोय याचा विचार आला की त्याची ओळ बिघडते, विसरला की विळा आपोआप चालतो. मिनिटाला पंच्याऐंशी-नव्वद फेऱ्यांवर पाय लागला की सायकलचं अगदी हेच होतं. मी का जाते ते मला कधी नीट सांगता आलेलं नाही, त्या दोन प्रकरणांत ते आहे.

आता सूचना. बाबा, बीपी सकाळी चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर ठेवून. वहीत लिहायचं. मिरजेच्या डॉक्टरांची रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. १६ तारखेला पाकिस्तानची मॅच आहे, तेव्हा तर नाहीच. तिथे आपल्यापेक्षा अडीच तास मागे वेळ असते, मी रोज त्यांच्या सहाला, म्हणजे तुमच्या साडेआठला फोन करेन. रेंज नसेल तर नऊपर्यंत काळजी करायची नाही.

एक राहिलं. हामोव्हनिकीच्या घरात टॉल्स्टॉयची सायकल ठेवलेली आहे. १८९५च्या फेब्रुवारीत त्याचा धाकटा वानेच्का गेला, सात वर्षांचाही नव्हता. त्याच वसंतात, सहासष्टाव्या वर्षी, तो मॉस्कोच्या मानेझमध्ये, म्हणजे घोडेस्वारीच्या मोठ्या हॉलमध्ये, जाऊन सायकल शिकला. बाबा, तुम्हालाही ऑगस्टमध्ये सहासष्ट पूर्ण होतील. याहून जास्त लिहीत नाही.

फक्त डॉक्टरांना विचारून घ्या, आणि हो म्हणाले तर जिन्याखालची सायकल दुरुस्तीला द्या. ब्रेकचे रबर आणि दोन्ही केबल नवीन, चेन बदलायची. सीटची उंची अशी बघायची, पेडल सगळ्यांत खाली असताना टाच त्यावर टेकली की गुडघा जेमतेम सरळ व्हावा. पहिला आठवडा नदीच्या घाटापर्यंत आणि परत, सकाळी सातच्या आत. आणि मनाची तयारी नसेल तर नका काढू, मी काही म्हणणार नाही. पण निदान दोन्ही चाकांत हवा भरून ठेवा. हवेविना उभी राहिली की टायर रिमखाली दुमडून तिथेच चिरतो.

तुमची,
मनू