मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर

फोंडा, गोवा

प्रिय बाय,
सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. रोजा सोडल्यावर खजुरांची वाटी तुझ्यापुढे सरकवत तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने 'तुम्ही ईसांना, म्हणजे येशूंना, खरोखरच देव मानता का?' असे विचारले, तू 'शेवटी सगळे एकच' म्हणून विषय संपवलास आणि ती गप्प झाली, हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. तिचे मन दुखावू नये एवढाच तुझा हेतू होता, हे मी जाणतो. पण तिने मनापासून विचारले आणि तू तिची बोळवण केलीस. कुराणात येशूला मसीहा म्हटले आहे, त्याची आई मरिया हिच्या नावाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. मात्र चौथ्या अध्यायातील १५७ वी आयत त्याचे क्रुसावरील मरण नाकारते, आणि आपली सारी आशा तर त्याच क्रुसावर आहे. हे अंतर तिला ठाऊक असणार, म्हणूनच तिने विचारले.

मी याच्या उलट चूक केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुसलमान सहकाऱ्याशी जेवताना वाद झाला आणि कुठल्याशा पुस्तिकेत वाचलेला पैगंबरांविषयीचा आरोप मी त्याच्या तोंडावर फेकला. त्याने हातातली अर्धी पोळी डब्यात ठेवली, झाकण लावले आणि काही न बोलता तो उठला. त्यानंतर वर्षभर तो खिडकीपाशी एकटाच जेवत असे. मी त्याला माझा स्पष्टवक्तेपणा समजत राहिलो. वास्तविक त्या पुस्तिकेतले एक अक्षरही मी पडताळलेले नव्हते, मग तो खरेपणा कसला?

१५७९ मध्ये अकबराच्या बोलावण्यावरून ख्रिस्ती धर्मप्रसारक फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे सोबती गोव्यातूनच फतेहपूर सिक्रीला निघाले. त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे, परंतु तिथल्या धर्मचर्चेत पैगंबरांविषयी ते ज्या कठोर भाषेत बोलत, ती ऐकून समोरच्या मौलवींना ख्रिस्ताविषयी काय ऐकू आले असेल, असे वाटते.

उद्या ती पैगंबरांविषयीही विचारील. 'मी त्यांना तुझ्याप्रमाणे अल्लाहचे रसूल मानत नाही, मानत असते तर मीही कलमा पढला असता,' हे सांगायला कचरू नकोस. तिला ते लागेल. तेवढे लागू दे. त्यांच्या चारित्र्याचा निवाडा मात्र तिने तुझ्याकडे मागितलेला नाही. आणि तिने गोव्यातल्या इन्क्विझिशनविषयी, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाविषयी, विचारले, तर काहीही झाकू नकोस. आपल्याकडची साफा मशीद १५६० सालची, आणि त्याच वर्षी इन्क्विझिशन गोव्यात सुरू झाले. मशिदीजवळच्या तळीवरून जाताना मला हे दर वेळी आठवते.

सुट्टीत तिला इकडे घेऊन ये. पण त्याआधी तिच्यासमोर बसून तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे दे, आणि मग ती जे म्हणेल ते शेवटपर्यंत ऐकून घे.

तुझे पप्पा