तटस्थ रिंक नावालाच

महोदय,

अमेरिकेतल्या पुरुषांच्या महाविद्यालयीन आइस हॉकीत राष्ट्रीय स्पर्धेतले बाद फेरीचे सामने तटस्थ रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) होतात, असं सरसकट लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १६ संघांचे चार गट पाडून चार शहरांत पाठवतात आणि प्रत्येक शहरासाठी एखादं विद्यापीठ यजमान असतं. ही शहरं काही वर्षं आधीच ठरतात. २०२५ ची २०२० सालीच जाहीर झाली होती. यजमान विद्यापीठाचा संघ पात्र ठरला, तर नियमाप्रमाणे त्याला त्याच गटात टाकावं लागतं, मग त्याचं मानांकन काहीही असो.

याचा परिणाम मार्च २०२५ मध्ये पेनसिल्वेनियातल्या ॲलनटाउनला दिसला. यजमान पेन स्टेट होतं, गटात चौथ्या मानांकनाचं. समोर पहिल्या मानांकनाचा मेन विद्यापीठाचा संघ. पेन स्टेटच्या प्रेक्षकांना अडीच-तीन तासांचा रस्ता, मेनच्या प्रेक्षकांना आठशे किलोमीटरहून जास्त. वरच्या मानांकनामुळे कागदोपत्री 'घरचा संघ' मात्र मेनच. म्हणजे खेळ थांबल्यावर खेळाडू शेवटी बदलण्याचा हक्क त्यांना मिळाला; पाहुण्यांची फळी बर्फावर आलेली पाहून आपली उतरवायची, हा हॉकीतला मोठाच फायदा. पण आरडाओरडा सगळा पेन स्टेटच्या बाजूने. पेन स्टेट ५-१ ने जिंकलं, पुढे कनेक्टिकटला जादा वेळेत ३-२ ने हरवून उपांत्य फेरीत गेलं. पेन स्टेट उत्तमच खेळलं, त्यात वाद नाही. पण वर्षभर राबून मिळवलेल्या पहिल्या मानांकनाचा मेनला उपयोग काय झाला?

उलट बाजूही तितकीच वाईट. त्या वर्षी उरलेल्या तीन शहरांच्या यजमानांपैकी एकही संघ पात्र ठरला नाही. गट रविवारी जाहीर होतात आणि सामने गुरुवार-शुक्रवारी सुरू. चार दिवसांत विमानाचं तिकीट, हॉटेल, सुट्टी जमवून कोण येणार? मग खुर्च्या रिकाम्या राहतात.

आपल्याकडे रणजी करंडकाचे सगळे सामने २०१६-१७ मध्ये तटस्थ मैदानांवर खेळवले गेले आणि पुढच्याच हंगामात तो प्रयोग गुंडाळला. तिथे निदान खेळपट्टी हवी तशी करून घेण्याची भीती हे कारण होतं. बर्फाची फिरकी खेळपट्टी करता येत नाही. फरक पडतो तो रुंदीचा: नेहमीची रिंक ८५ फूट रुंद, ऑलिम्पिक मापाची १००. पाहुण्या संघाला सरावाची एक जादा वेळ दिली की हा प्रश्न बराच सुटतो.

उपाय दूर शोधायला नको. ही स्पर्धा भरवणारी संघटना (एनसीएए) महिलांची उपांत्यपूर्व फेरी पहिल्या चार मानांकित संघांच्या घरच्या रिंकवर घेते. पुरुषांतही १९९१ पर्यंत सुरुवातीच्या फेऱ्या महाविद्यालयांच्या रिंकवर होत असत. पहिल्या फेरीचे आठ सामने सोळांच्या एकूण क्रमातल्या वरच्या आठ मानांकितांच्या घरी ठेवावेत. पुढचे चार त्यानंतरच्या आठवड्याअखेरीस, पुन्हा वरच्या मानांकनाच्या घरी. कॅलेंडर ताणावं लागत नाही: २०२५ मध्ये गटांचे सामने ३० मार्चला संपले आणि उपांत्य फेरी १० एप्रिलला होती. मधला शनिवार-रविवार मोकळाच गेला. अंतिम चार संघांचे सामने आधी ठरलेल्या मोठ्या शहरातच राहू द्यावेत; ते ठिकाण आधी माहीत असण्यात सोय आहे.

अडचणी येतील त्या बर्फाबाहेरच्या. मार्चअखेर रिंकवर संगीताचा कार्यक्रम किंवा समारंभ आधीच ठरलेला असतो, मग आयत्या वेळी धावपळ. म्हणून क्रमवारीतल्या पहिल्या वीसेक संघांकडून फेब्रुवारीतच लेखी घ्यावं: दोन्ही आठवड्यांच्या तारखा राखून ठेवल्या आहेत, गोल तपासण्याचे कॅमेरे बसवलेले आहेत, प्रक्षेपणाच्या गाडीला जागा आणि वीज आहे, पाहुण्यांची कपडे बदलण्याची खोली वेगळी आहे. रिंक मोकळी नसेल, तर तासाभराच्या अंतरावरची पर्यायी रिंक त्याच कागदावर लिहून द्यावी. तीही नसेल, तर सामना खालच्या मानांकनाच्या घरी. या एका कलमाने तारखा राखायची आठवण सगळ्यांना आपोआप राहील.

'एवढं महाविद्यालयांना जमणार नाही' हे ऐकवू नये. दोन-तीन आठवडे आधी बऱ्याच लीगांच्या बाद फेऱ्या याच रिंकवर, याच प्रक्षेपणासह पार पडतात. आठव्या आणि नवव्या मानांकनातला फरक केसाएवढा, तरी आठव्याला घरचा सामना, ही तक्रार मात्र रास्त आहे. तिथे पाहुण्यांच्या तिकिटांचा कोटा वाढवावा आणि ती तिकिटं बुधवार दुपारपर्यंत पाहुण्या महाविद्यालयाच्याच खिडकीवर ठेवावीत. उरली तरच यजमानांनी विकावीत.

— एक वाचक, पुणे