रामारावांचा कायदा आणि आपली हक्कसोडपत्रे

मा. संपादक,
स. न.

अभिनेत्यांच्या राजकारणप्रवेशावरील आपल्या रविवारच्या लेखात एन. टी. रामाराव यांची ओळख पडद्यावरचा कृष्ण, ‘चैतन्य रथम्’ ही प्रचाराची गाडी आणि दोन रुपये किलोचा तांदूळ एवढ्यावरच आटोपली आहे. मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम पक्ष काढून जानेवारी १९८३ मध्ये थेट आंध्र प्रदेशचा मुख्यमंत्री झालेल्या माणसाचे हे चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे.

पुण्यात एका वकिलांच्या कचेरीत मी उभी हयात दस्त लिहिण्यात घालवली, त्यामुळे मला रामाराव आठवतात ते एका कायद्यामुळे. त्यांच्या सरकारने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून, ५ सप्टेंबर १९८५ पासून, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद, म्हणजे वाटेकरी, ठरवले; त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या. महाराष्ट्रात अशी दुरुस्ती यायला २२ जून १९९४ उजाडला, तीही विवाहित मुलींना वगळणारी तीच अट घेऊन, आणि देशभर हा हक्क लागू झाला २००५ मध्ये. फुले दांपत्याने १८४८ साली जेथे मुलींची शाळा काढली, त्या शहरात राहणाऱ्याला आंध्र आणि महाराष्ट्र यांच्या कायद्यांमधली जवळपास नऊ वर्षे खटकणारच.

कायदा आला म्हणून हक्कसोडपत्रे, म्हणजे बहिणींनी आपला वाटा सोडून दिल्याचे दस्त, थांबली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे शब्द मी किती दस्तांत लिहिले याची गणती नाही, आणि सहीपूर्वी भावाच्या तोंडाकडे पाहणाऱ्या बहिणीही तितक्याच पाहिल्या. (गंमत म्हणजे तरुणपणी रामारावांना सब-रजिस्ट्रारची नोकरी लागली होती, ती त्यांनी तीन आठवड्यांत सोडली. टिकले असते, तर असेच दस्त नोंदवत बसले असते.)

रामारावांचे राजकारण निर्दोष होते, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्या पक्षात निर्णय एकाच माणसाच्या मर्जीने होत, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये जावई चंद्राबाबू नायडू यांनीच त्यांना सत्तेवरून दूर केले. पुढच्या जानेवारीत ते वारले. लेखमाला पुढे चालणार असेल, तर त्यांच्या या कायद्याला निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, शुक्रवार पेठ, पुणे